रीफ टाकीतला एप्टेशिया चुन्याच्या थेंबाने कसा मारायचा

नवी मुंबईत, नेरूळच्या आमच्या घरात, हॉलच्या भिंतीला लागून तीन फुटी समुद्री टाकी, म्हणजे प्रवाळ पाळायची रीफ टाकी, आहे. टाकी नवी होती तेव्हा मी एका दुकानातून मुठीएवढा लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेला समुद्री दगड) आणला होता. दगडाच्या एका भोकातून पारदर्शक, तपकिरी रंगाचं नखाएवढं फूल बाहेर डोकावत होतं. मला ते फार आवडलं. दगडाबरोबर समुद्रफूल आलं म्हणून मी त्याला चिमट्याने कोळंबीचा कण भरवायचे. चार महिन्यांनी टाकीत अशी पन्नासहून जास्त फुलं झाली आणि त्यांच्या शेजारचे माझे झोअँथिड (प्रवाळांचे मऊ भाऊबंद) दिवसदिवस मिटलेले राहू लागले. ते फूल म्हणजे एप्टेशिया: झपाट्याने पसरून शेजाऱ्यांना डसणारा, समुद्रफुलाच्या जातीचा प्राणी.

तुमच्या टाकीत पहिला एप्टेशिया नुकताच दिसला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक-दोन असतानाच हात घातला तर अर्ध्या तासाचं काम आहे. चाळीस झाल्यावर तेच काम दोन महिने पुरतं, हे मी करून बघितलंय.

आधी ओळख पटवा

एप्टेशियाचा देठ बारीक आणि लांब असतो. वरच्या चकतीभोवती लांबसडक, टोकाला निमुळते होत गेलेले स्पर्शक असतात. रंग फिकट तपकिरी, पण आरपार दिसेल असा. तो बहुतेक वेळा दगडाच्या भोकात पाय रोवून बसतो, कारण धोका जाणवला की त्याला एका क्षणात आत जाता येतं. पिपेटचं टोक हळूच जवळ न्या. झटक्यात आत गेला आणि दोन-चार मिनिटांनी सावकाश बाहेर आला, तर तो एप्टेशिया असण्याचीच शक्यता जास्त.

याचा एक भाऊबंद आहे, माजानो. तो बुटका आणि जाडजूड असतो, स्पर्शक आखूड आणि टोकाला फुगीर, रंग हिरवट किंवा तपकिरी. नवख्या माणसाला तो पाळीव बबल टिप समुद्रफुलाचं पिल्लू वाटतो आणि तो जपला जातो. उपाय दोघांवर तोच चालतो, फक्त माजानो जास्त चिवट आहे.

ट्यूबवर्म मात्र मारू नका. त्याचा पिसारा मोरपिसासारखा दुतर्फा असतो आणि तो स्वतःच्या नळीत राहतो. तो पाणी गाळून खातो, कुणाला डसत नाही. भिंग घेऊन दोन मिनिटं नीट बघितलंत तर फरक लगेच कळतो.

खरवडू नका, उपटू नका

नवीन माणूस सगळ्यात आधी हीच चूक करतो आणि मीही केली. एक दिवस रॉक बादलीत काढला आणि जुन्या टूथब्रशने सगळे एप्टेशिया घासून टाकले. घासताना त्यांच्या अंगातून पांढरे, दोऱ्यासारखे बारीक तंतू बाहेर पडत होते. ते डंखाचे तंतू. त्यांतल्या सूक्ष्म पेशींनी तो शेजाऱ्यांना जाळतो. दगड स्वच्छ दिसला, मी परत टाकीत ठेवला. दोन आठवड्यांनी दिवे लागल्यावर भिंगातून बघितलं, तर जिथे एक मोठा होता तिथे खसखशीएवढ्या ठिपक्यांचं कडं झालं होतं. प्रत्येक ठिपक्याला चार-पाच केसांएवढे स्पर्शक.

एप्टेशियाच्या पायाचा इवलासा तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून अख्खा नवा जीव उभा राहतो. एरवीही तो सरकता सरकता मागे असे तुकडे सोडत जातो, आणि छेडला की आणखीच. शिवाय त्याच्या शरीरात प्रवाळासारखीच सूक्ष्म शेवाळं राहतात. प्रकाशावर ती अन्न तयार करतात, म्हणजे त्याला उपाशी मारणंही जमत नाही. हा चिवटपणा आणि प्रवाळाशी असलेलं साम्य यामुळेच शास्त्रज्ञ त्याला प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात. प्रवाळ आणि शेवाळाचं सहजीवन समजून घ्यायला तो सोयीचा पडतो. २०१५ मध्ये त्याचा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. म्हणजे जीव कामाचा आहे, फक्त त्याची जागा आपली टाकी नाही.

तेव्हा मारायचा तर जागच्या जागी, सबंध, आणि त्याला आकसायला वेळ न देता. रसायनाचा उपयोग नेमका इथेच होतो.

कोणतं रसायन?

माझा कौल चुन्याला. रीफ पाळणारे ज्याला काल्कवासर म्हणतात ती आपली चुन्याची निवळीच. माझ्या सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या पानाचा डबा बंद करत म्हणाल्या, "अगं, निवळी आम्ही पोरांना द्यायचो दात येताना. तिनं काय मरणार? वरचं पाणी पातळ असतं, मारतो तो खालचा गाळ." त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं. निवळी टाकीत थेंबथेंब घालतात ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) टिकवायला. एप्टेशियासाठी निवळी नको, खाली बसणारा दाट चुना हवा.

चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटरभर पाण्यात तो जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो आणि त्या पाण्याचा पीएच साधारण १२.४ असतो. रीफ टाकीचा पीएच ८ ते ८.४. विड्यात चुना जास्त झाला की तोंड पोळतं, तेच एप्टेशियाच्या तोंडात होतं, फक्त कितीतरी पटीने. शिवाय दाट चुना जड असल्यामुळे जिथे सोडला तिथे बसतो, वाहत जात नाही. आणि शेवटी जे उरतं ते कॅल्शियम, जे टाकीला परकं नाही. या तीन कारणांसाठी नवख्या माणसाने सुरुवात चुन्यापासून करावी असं मला वाटतं.

पण पानवाल्याकडचा चुना घेऊ नका. त्यात काय काय मिसळलंय ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. रंगकामाचा चुनाही नको. चुनकळी तर अजिबात नको. ती पाण्यात पडली की उकळी फुटते आणि अंगावर उडते. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतं, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात काल्कवासर पावडर म्हणून मिळतं. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडूसारखी होते, आणि खडूने काही मरत नाही.

लिंबाचा रस आणि व्हिनेगर हेही चालतात, पण त्यांची रीत वेगळी. ते पातळ असतात, वर सोडले तर पाण्यात विरून जातात. त्यामुळे सुई देठात टोचून रस आत सोडावा लागतो, आणि टोचताना नेम चुकला की तो आत पळतो. लिंबू ताजं घ्या आणि रस सुती कापडातून दोनदा गाळा, नाहीतर गर सुईत अडकतो. व्हिनेगर पांढरं, बिनरंगाचं घ्या. ते जास्त पडलं तर पाण्यातले जिवाणू त्यावर पोसतात, पाणी दुधाळ होतं आणि प्राणवायू कमी पडतो. उन्हाळ्यात टाकी २८ अंशांच्या वर गेलेली असताना हे फार महागात पडतं.

उकळतं आरओ पाणी सिरिंजने सोडायचं असंही सांगतात. सुईतून बाहेर पडेपर्यंत त्यातली निम्मी धग गेलेली असते. मला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

रेड सीचं एप्टेशिया-एक्स, जोज ज्यूस अशी तयार औषधंही आहेत. ती दाट असतात, एप्टेशिया ती खाणं समजून घेतो, आणि काम सोपं होतं. हाताशी असतील तर खुशाल वापरा. पुढे सांगितलेली पद्धत त्यांनाही लागू पडते, फक्त मात्रा बाटलीवर दिलेलीच घ्या.

कॉस्टिक सोडा आणि म्युरिअॅटिक अॅसिड यांचे सल्लेही तुमच्या कानावर येतील. घरात, हॉलमध्ये, मुलं आणि मासे असताना ही दोन्ही वापरू नका. त्यांच्यामुळे एप्टेशिया लवकर मरतो हे खरं, पण हात चुकला तर सगळ्या टाकीचं आणि तुमच्या डोळ्यांचं नुकसान होतं.

मात्रेचा हिशेब

हा भाग सावकाश वाचा. चुन्याने टाकी मेली असं जिथे जिथे होतं, तिथे चूक बहुधा एकच असते: एका दिवसात सगळे मारायची घाई.

एक सपाट चहाचा चमचा पावडर भरते साधारण अडीच ग्रॅम. त्यात पाच मिलीलिटर आरओ पाणी घालून कालवलं की घावनाच्या पिठासारखं सैल मिश्रण होतं. त्याच्या एका मिलीलिटरमध्ये अंदाजे ०.४ ग्रॅम चुना येतो. आता टाकीकडे बघा. एक ग्रॅम चुना शंभर लिटर पाण्यात पुरता विरघळला तर केएच, म्हणजे अल्कलिनिटीचं माप, साधारण पाऊण अंशाने वाढतो आणि पीएच काही वेळापुरता तीन-चार दशांशाने वर जातो. सकाळी ८.१ असलेला पीएच एकदम ८.५ झाला तर मासे आणि प्रवाळ दोघांनाही ते जाचतं.

म्हणून माझा नियम असा: शंभर लिटर पाण्याला एका वेळी एक मिलीलिटर मिश्रण, त्याहून जास्त नाही. एका एप्टेशियाला पाव मिलीलिटर पुरतं. म्हणजे शंभर लिटरला एका बैठकीत चार एप्टेशिया. माझ्या टाकीत दगड-वाळू वजा जाता दीडशे लिटर पाणी आहे, मी एका वेळी सहा मारते. दोन बैठकांत किमान तीन दिवसांचं अंतर ठेवते. पाणी मोजताना टाकीचं माप नको, त्यातलं खरं पाणी मोजा.

टाकी चाळीस-पन्नास लिटरची असेल तर हा हिशेबच फार तोकडा पडतो. तिथे दगडच बाहेर काढा. एका बादलीत टाकीचं पाणी घेऊन दगड त्यात बुडवा, एप्टेशिया उघडेपर्यंत वाट बघा, तिथेच चुना सोडा, वीस मिनिटांनी दगड टाकीच्या पाण्याच्या दुसऱ्या बादलीत खळबळून घ्या आणि मग परत ठेवा. चुन्याचं पाणी टाकीत परत ओतायचं नाही. दगड सुटा निघत असेल तर मोठ्या टाकीतही हीच पद्धत बरी. ज्यांना सिरिंजची सवय नाही, त्यांनी पहिला एप्टेशिया बादलीतच मारावा असं मी सुचवेन.

सामान

केमिस्टकडून तीन किंवा पाच मिलीलिटरची सिरिंज आणि गुलाबी टोपीची १८ नंबरची सुई घ्या. इन्शुलिनची सिरिंज लिंबासाठी ठीक, चुना तिच्यात दोन सेकंदांत अडकतो. सुईचं तिरकं टोक कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून बोथट करा. आपल्याला टोचायचं नाही, वर सोडायचंय, आणि ओल्या हातात तीक्ष्ण सुई बरी नव्हे. टाकी खोल असेल तर सिरिंजला हवेच्या पंपाची कडक नळी जोडता येते.

हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. साधा नंबरचा नको, बाजूंनी बंद असलेला. चुना डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते. गेलाच, तर चोळू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली पापणी उघडी धरून पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तसेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लहान मुलं त्या वेळी खोलीत नकोतच.

याखेरीज पीएच मोजायचं साधन, केएचचं किट, हवेची बारीक नळी आणि एक रिकामी बादली.

प्रत्यक्ष काम

वेळ निवडा: टाकीचे दिवे लागल्यावर तास-दीड तासाने. रात्रभरात टाकीचा पीएच खाली आलेला असतो, दिवसभर प्रकाशात तो चढत जातो. सकाळी तो अजून खालीच असतो, म्हणजे चुन्यासाठी थोडी जास्त जागा मिळते, आणि एप्टेशिया प्रकाशाला पूर्ण उघडलेले असतात. वीजपुरवठा बंद राहण्याची सूचना आलेली असेल तो दिवस टाळा. पंप लागेल तेव्हा चालू व्हायला हवा.

आदल्या दिवसापासून कॅल्शियम-अल्कलिनिटीचा रोजचा डोस थांबवा. त्या दिवशी तो चुन्यातूनच मिळणार आहे. पीएच मोजून कागदावर लिहा. ८.३ च्या वर असेल तर आज नको.

माशांना पोटभर खायला घाला. भुकेला मासा पांढरा कण दिसला की तोंड मारतो. खाण्याचा थोडा वास पाण्यात पसरला की एप्टेशियाही ताणून उघडतात, ते आपल्या पथ्यावर पडतं. दहा मिनिटांनी वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंखा) आणि रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टाकीत परत आणणारा) बंद करा. पाणी स्थिर होईपर्यंत थांबा; तरंगणारा एखादा कण खाली सरळ उतरायला लागला की समजा झालं.

चुना आत्ता कालवा, आधी नको. सिरिंज भरा आणि सुई लावून बादलीत एक थेंब काढून बघा. धार मोकळी आली पाहिजे. अडकली तर दोन-चार थेंब पाणी वाढवा.

आता हात. वरून नेऊ नका, हाताची सावली पडली की तो आत जातो. काचेच्या बाजूने, खालच्या अंगाने, इतक्या सावकाश की पाणी ढवळणार नाही. सुईचं टोक त्याच्या चकतीच्या मध्याच्या दोन-तीन मिलीमीटर वर आलं की थांबा. स्पर्शकाला टोक लागू द्यायचं नाही. इथे श्वास रोखला जातो, मला अजूनही रोखला जातो. मग दट्ट्या अगदी हलका दाबून मोहरीएवढा एकच थेंब तोंडावर सोडा.

बहुतेक वेळा तो थेंब खाणं समजून स्पर्शक आत वळवतो आणि तोंड उघडतं. ती वेळ साधा. त्याच ठिकाणी उरलेलं पाव मिलीलिटर सावकाश सोडत राहा, म्हणजे चकती, स्पर्शक आणि देठाचं तोंड पांढऱ्या चुन्याखाली झाकलं जाईल. तो आत ओढला जाईल, पण चुना बरोबर घेऊनच. भोक दिसत राहिलं तर ते चुन्याने वरपर्यंत भरा. आधीच आत पळाला असेल तर हट्ट करू नका. त्या भोकात चुना कोंबलात तरी तो दुसऱ्या बाजूच्या भेगेतून निघतो. त्याला सोडा, पुढच्या वेळी बघू. मोठे आधी घ्या, कारण पिल्लं तेच देतात.

प्रवाळाला चिकटून असलेल्या एप्टेशियाला पहिल्या दिवशी हात लावू नका. दोन-तीन बैठकांनी हात बसतो, मग तिकडे वळा, आणि तिथे मात्रा निम्मी. चुना प्रवाळावर ओघळला तर पिपेटने लगेच पाणी मारून उडवा.

पंधरा मिनिटं काही करू नका. मग हवेच्या नळीने पांढरा साका ओढून बादलीत काढा. सगळा निघणार नाही, भोकातला तसाच राहू द्या. काढायची घाई केली तर अर्धमेला एप्टेशिया मोकळा होतो. नंतर वेव्हमेकर कमी वेगावर, पाच मिनिटांनी रिटर्न पंप. सगळी थांबाथांब अर्ध्या तासाच्या आत संपायला हवी. मे महिन्यात, पाणी गरम असताना, वीस मिनिटांत. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

तासाभराने पीएच पुन्हा मोजा.

काही बिघडलं तर

पीएच ८.६ च्या वर गेला, पाण्यात पांढरा भुगा तरंगू लागला किंवा मासे वर येऊन तोंड वासू लागले, तर मात्रा जास्त झाली आहे. उतारा म्हणून व्हिनेगर अंदाजाने ओतू नका. हवेचा पंप लावा. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, तो पाण्यात मिसळला की पीएच खाली येतो. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू ठेवा आणि पंधरा-वीस टक्के पाणी बदला. त्यासाठी खारं पाणी आदल्या रात्रीच कालवून तयार ठेवायची सवय लावा. मी ते नेहमी ठेवते, आजवर दोनदाच लागलं आहे.

चुना आणि आम्ल एका दिवशी वापरू नका. एकाने दुसऱ्याचा परिणाम मारला जातो आणि पीएच वर-खाली हेलकावतो. ब्लीच आणि आम्ल तर कधीच एकत्र आणू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

दगड उकळून स्वच्छ करायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या. झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ, यांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. दगड उकळल्यावर ते वाफेबरोबर श्वासात जातं, आणि अशा वाफेने घरातली माणसं इस्पितळात दाखल झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. असे जीव असलेला दगड ब्रशने घासूही नका आणि त्यावर उकळतं पाणीही सोडू नका. हाताला जखम असेल तर हातमोज्यांशिवाय टाकीत हात घालू नका.

पुढचे दोन-तीन आठवडे

दुसऱ्या दिवशी भोकाच्या तोंडाशी तपकिरी, चिकट लगदा दिसतो किंवा भोक रिकामं असतं. लगदा पिपेटने ओढून घ्या, तो सडू देऊ नका. मग रोज सकाळी दिवे लागल्यावर भिंगाने त्या जागेभोवती बघा. आठ-दहा दिवसांत ठिपके दिसले तर काहीतरी मागे राहिलं होतं. ते लहान असतानाच घ्या, प्रत्येकाला एक थेंब पुरतो. मी टाकीच्या काचेवर बाहेरून पुसता येणाऱ्या पेनने छोट्या फुल्या करते, मारलेला कुठे होता ते विसरत नाही. पाहुण्यांना ते विचित्र दिसतं, पण साठ एप्टेशिया लक्षात राहत नाहीत.

केएच आठवड्याने मोजा आणि मगच रोजचा डोस पूर्ववत करा.

तीस-चाळीसच्या वर संख्या असेल तर नुसत्या चुन्याने पुरं पडणार नाही, खाणारे प्राणी आणावे लागतील. पेपरमिंट श्रिंप रात्री एप्टेशिया खातं. घेताना बघा: दुकानात अनेकदा त्या नावाखाली कॅमल श्रिंप मिळतं, त्याच्या पाठीला कुबड असतं, अंगावर पांढऱ्या रेघा ठळक असतात आणि ते प्रवाळच खातं. बर्गिया नावाची सागरी गोगलगाय एप्टेशियाशिवाय दुसरं काही खात नाही, पण ती सोडल्यावर चुना बंद करायचा. कॉपरबँड बटरफ्लाय मासा एप्टेशिया आवडीने खातो, पण तो टाकीत खायला लागेलच असं नाही आणि तीन फुटी टाकीत तो सुखी राहत नाही. एका किडीसाठी एक सुंदर मासा उपाशी मरावा हे मला पटत नाही, म्हणून मी तो कधी आणला नाही. माझ्याकडे चुना आणि तीन पेपरमिंट श्रिंप मिळून दोन महिने लागले.

दगड कुठून आणायचा, कुठे टाकायचा

किनाऱ्यावरून दगड किंवा प्रवाळ उचलून आणू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. माझ्या टाकीत ते नाहीत. कोरडा दगड घेऊन तो सावकाश मुरवला तर एप्टेशिया येण्याचा एक मोठा दरवाजाच बंद होतो. उरतो तो झोअँथिड किंवा मशरूम प्रवाळाच्या तुकड्याबरोबर येणारा. असा कोणताही नवा तुकडा आधी दहा-वीस लिटरच्या वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा, खाली वाळू न घालता, आणि भिंगाने चारही बाजूंनी बघा. तुकडा ज्या बैठकीवर चिकटवलेला असतो तिची खालची बाजू विसरू नका. माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेला एप्टेशिया तिथेच लपलेला होता.

आणि नको झालेला दगड खाडीत टाकायचा नाही. आपल्याकडे पाम बीच रोडवरून वळलं की पाणी समोरच असतं, त्यामुळे हात तिकडे जातो. टाकीतल्या पाण्याबरोबर कोणते जीव, कोणते रोग कुठून आलेत हे आपल्याला माहीत नसतं. ठाणे खाडीचा एक पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याची रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, नोंद झाली. सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींत हेच पक्षी उतरतात. आपल्या चार लिटर पाण्याने काय होणार असं म्हणून तिथे काही ओतू नका. नको झालेल्या दगडावर आधी सांगितलेले पॅलिथोआ असतील तर हातमोजे घालून तो झाकणाच्या बादलीत गोड्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा. नसतील तरी हेच करा. मग गच्चीत किंवा बाल्कनीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कडक उन्हात दोन-तीन आठवडे वाळवा. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा बादली झाकून ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. टाकीचं काढलेलं पाणी आणि चुन्याची बादली बाथरूमच्या मोरीत, वरून भरपूर साधं पाणी सोडत. सुया टोपी लावून प्लास्टिकच्या बरणीत, बरणीवर चिठ्ठी लावून, घरगुती घातक कचऱ्यात द्या. कचरा वेचणाऱ्याच्या हाताला त्या लागता कामा नयेत.

वाळलेला दगड पुन्हा वापरता येतो. माझा तो पहिला, मुठीएवढा दगड असाच वाळवलेला आहे आणि आता टाकीच्या डाव्या कोपऱ्यात आहे. त्याच्या त्या भोकात सध्या एक ट्यूबवर्म राहतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी भिंग घेऊन तिथूनच तपासणी सुरू करते.